एका घडीला एक ओळ

वाचनाची गोडी कशी लागली, असं कुणालाही विचारा, लोक कपाटापासून सुरुवात करतात. वडिलांचं काचेचं कपाट, त्यातली जाडजूड पुस्तकं, सुट्टीतली निवांत दुपार. ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. आमच्याकडे कपाट नव्हतं, आणि माझी मावशी नऊ वर्षांची झाली तेव्हापासून तिचे वडीलही नव्हते. मेले नव्हते ते. एके सकाळी कामाला म्हणून निघाले आणि गेले ते गेलेच. त्यामुळे मावशीची गोष्ट मला एका टेबलाखालून सुरू करावी लागते, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

ते टेबल होतं बाइंडिंगच्या कारखान्यातलं. माझी आजी, म्हणजे मावशीची आई, तिथे घड्या घालायची. छापखान्यातून मोठे मोठे ताव यायचे. एका तावावर पुढून आठ आणि मागून आठ अशी सोळा पानं छापलेली असायची. तीन घड्या घातल्या की सोळा पानांची चोपडी तयार. तिला म्हणायचं फर्मा. असे फर्मे एकावर एक रचायचे, शिवायचे, कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाकांवर बारा बायका बसायच्या आणि दिवसभर घड्या घालायच्या.

शाळा सुटली की मावशी तिथेच यायची, कारण घराला कुलूप असायचं. माझी आई तेव्हा दीड वर्षाची. तिला कडांच्या कात्रणांनी भरलेल्या टोपलीत झोपवलेलं असायचं. इतक्या मऊ गादीवर मी पुन्हा कधी झोपले नाही, असं ती अजून सांगते.

मावशी मात्र झोपायची नाही. वडील गेल्यापासून ती रडली नव्हती, पण आजीला नजरेआड होऊ द्यायची नाही. टेबलाखाली आजीच्या पायांपाशी बसायची आणि एका हाताने तिच्या चपलेचा पट्टा धरून ठेवायची. हे पायही एक दिवस उठून चालायला लागतील, अशी धास्ती तिच्या मनात बसली होती. आजी चिडायची. “सोड गं, मुंग्या आल्यात पायाला.” मावशी सोडायची नाही.

टेबलाखाली वाया गेलेले ताव टाकलेले असायचे. कुठे शाई पसरलेली, कुठे कागद चुरगळलेला. एका दुपारी करायला काही नव्हतं म्हणून तिने समोरचा ताव वाचायला घेतला. आता गंमत अशी, की उलगडलेल्या तावावर पानं ओळीने नसतात. सतरा नंबरच्या शेजारी बत्तीस, आणि त्यांच्या डोक्याला डोकं लावून उलटी छापलेली दुसरी दोन. मावशी एक पान वाचून संपवायची आणि पुढच्या आकड्याच्या शोधात गुडघ्यांवर रांगत तावाभोवती फिरायची. मग ताव पालथा करायचा, पुन्हा प्रदक्षिणा. नावेतून माणसं पैलतीरी नेणाऱ्या एका बाईची गोष्ट होती ती. तिचे दोन भांडखोर मुलगे होते आणि नावेत पाय ठेवायला तयार नसलेली एक शेळी होती. बत्तिसाव्या पानावर शेळी अजून काठावरच, आणि ताव संपला.

तेव्हा मावशीच्या लक्षात आलं, की आपण कधीपासून आजीची चप्पल सोडलेली आहे.

तिने टेबलाखालून डोकं बाहेर काढून विचारलं, “आई, पुढे काय होतं?”

आजीला अक्षरओळख नव्हती. तिने प्रामाणिकपणे सांगितलं, “पुढे शिलाई होते. मग कटिंग.”

टेबलावरच्या बायका खो खो हसल्या. मावशीला मात्र ते हसणं बाधलं नाही. शेळी आता नावेत चढेल की नाही हे ती घरी जाताना रस्ताभर स्वतःशीच ठरवत होती. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा वडिलांच्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं नाही.

नंतरची पाच वर्षं ती असंच वाचत गेली. अख्खं पुस्तक कधीच नाही. चौथा फर्मा, नववा फर्मा, जो खराब निघेल तो. बायकांनी तिचं नाव पाडलं ‘सोळापानी’. मी एकदा तिला विचारलं होतं, की अशा तुकड्यांनी तुझं समाधान तरी कसं व्हायचं? ती म्हणाली, “पहिल्या फर्म्यात नुसत्या ओळखी करून देत बसतात. शेवटच्यात कुणीतरी निघून जातं. मधल्या फर्म्यात सगळे घरी असतात.” पुस्तकांवर भाषणं ठोकणाऱ्या कितीतरी लोकांना मी ऐकलं आहे. पण हे सांगायला त्यांच्यातला एकही नऊ वर्षांचा असताना टेबलाखाली बसलेला नव्हता.

मावशी चौदा वर्षांची असताना आजीची बोटं गेली. सांधे सुजले, मूठ वळेना. घडी नीट बसावी म्हणून तिच्यावर पट्टी दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. टेबलावरची जागा रिकामी ठेवली तर तिथे दुसरी कुणीतरी येऊन बसणार, आणि मग तिघींनी खायचं काय? म्हणून मावशीची शाळा सुटली आणि आजीच्या जागी ती बसणार असं ठरलं.

यात एकच अडचण होती, आणि ती ऐकून तुम्हाला खोटं वाटेल. त्या कारखान्यात कुठल्याच कामाला वाचता येणारी बाई घेत नसत.

हा फोरमनचा नियम. त्याच्या आधीच्या फोरमनचाही तोच. वाचता येणारी बाई कागदाकडे बघते, बघते म्हणून थांबते, आणि एक थांबली की तिच्यामागे सगळं काम अडतं, असं त्यांचं गणित. पुस्तकं बनवायच्या जागी वाचणाऱ्याला बंदी! हलवायाने तोंड शिवलेले नोकर शोधावेत तसला प्रकार. फोरमनची एक परीक्षाही असायची. नवी बाई आली की तो तिच्या तोंडासमोर एक कागद धरायचा. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘तुझ्या पायाशी विंचू आहे.’ जी खाली बघेल ती घरी जाईल.

आजीला हे ठाऊक होतं. मावशी शाळेत जाते, टेबलाखाली बसून वाचते, हे बायकांनी फोरमनपासून लपवलं होतं, आणि खाली वाकून बघायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. आदल्या दिवशी तिने मावशीला समोर बसवून पढवलं. “तो कागद धरेल. तू त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघायचं. विचारलंच, तर म्हणायचं, मला वाचता येत नाही.”

“पण मला येतं.”

“येतं ते पोटात ठेव. पोटाला तरी मिळेल.”

मावशी गेली. फोरमनने कागद धरला. वाचता येणाऱ्या माणसाला न वाचणं किती कठीण असतं, ते करून बघा कधीतरी. तिने वाचलं, पायाच्या अंगठ्यात कळ गेली, आणि ती गुंडीकडे बघत राहिली. फोरमनने विचारलं, “काय लिहिलंय?” तिने सांगितलं, “मला वाचता येत नाही.” जागा मिळाली. घरी येऊन ती जेवली नाही. वडील गेले तेव्हा न रडलेली मुलगी त्या दिवशी उशीत तोंड खुपसून रडली. मला त्या फोरमनची दया वगैरे कधीच आली नाही, आणि आजही येत नाही.

पण सोळापानी ती. तिने नियम पाळला आणि धाब्यावरही बसवला. कसा, ते सांगते. घडी घालणारीच्या हाताखालून दिवसभर एकच ताव पुन्हा पुन्हा जातो. हजार वेळा, दोन हजार वेळा, तोच ताव. मावशीने ठरवलं, एका घडीला एक ओळ. ताव समोर आला की नजर त्या ओळीवर, हात मात्र चालूच. पुढच्या तावाला खालची ओळ. तीस तावांत एक पान. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोळाही पानं वाचून झालेली असायची, आणि दुपारनंतर आवडलेल्या ओळी पाठ व्हायच्या. हात एकदाही थांबायचा नाही. उलट ओळीची ओढ असल्यामुळे तो जास्तच भराभर चालायचा. फोरमन इतर बायकांना सांगायचा, “हिच्याकडे बघा. डोक्यात काही नसलं की काम कसं होतं बघा.” मावशी त्याच्या शर्टाच्या गुंडीकडे बघायची.

संध्याकाळी घरी आल्यावर ती आजीची बोटं कोमट पाण्यात धरून बसायची आणि दिवसभराचा फर्मा तिला सांगायची. आजी आधी घाबरायची, भिंतीला कान असतात म्हणून दार लावून घ्यायची. मग दारही लावायची आणि ‘हळू सांग’ असंही म्हणायची. पुढे पुढे ती मावशीच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागली. एकदा मावशीने तिला त्या नाववाल्या बाईची गोष्ट सांगितली. आजीने पाण्यातून हात बाहेर काढले. मग म्हणाली, “हे मी घडी घातलेलं? माझ्या हाताखालून गेलं हे सगळं?” आणि आपल्या वाकड्या बोटांकडे बघत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत मावशी टेबलावरच्या बायकांनाही गोष्टी सांगायची. कुठून आल्या, हे कुणी विचारलं नाही. फोरमनला कुणी ताकास तूर लागू दिली नाही. शिलाईला बसणारी म्हातारी सगळ्यांत पुढे सरकून ऐकायची आणि नेमक्या जागी ‘अगं बाई’ म्हणायची.

अशी चार वर्षं गेली. मग तिसरीच्या मुलांचं वाचनाचं पुस्तक बाइंडिंगला आलं.

भलं मोठं काम होतं, आणि शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. फोरमन सकाळपासून टेबलाभोवती घिरट्या घालत होता. मावशीसमोर तिसरा फर्मा. विहिरीत पडलेल्या मुलीची गोष्ट होती. मावशी ओळीला ओळ जोडत सदतिसाव्या पानाच्या शेवटी आली. ‘तिने वर पाहिलं. दोर खाली येत होता, पण तो दोर धरणारा माणूस’. पान संपलं. तिने पुढच्या तावाला अडतिसावं पान गाठलं. ‘उन्हात तीन दिवस वाळवावा आणि मग सुरीने त्याच्या वड्या पाडाव्यात.’

मावशीचा हात थांबला. चार वर्षांत पहिल्यांदा.

पुढे साबण कसा करावा याचा धडा होता. छापखान्यात अडतीस आणि बेचाळीस या पानांचा मजकूर एकमेकांच्या जागी गेला होता. पानांचे आकडे बरोबर होते. घडी घालणाऱ्या बायका आकडेच बघायच्या, त्यांना तेवढेच ओळखायला सांगितलेले. चूक सापडायची तर ती फक्त वाचणाऱ्यालाच सापडणार होती, आणि वाचणारी तर तिथे कुणी असायलाच नको होती.

शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. “हात चालव. येतोय तो.” मावशीने तिच्या कानात काय झालंय ते सांगितलं. ती बाई तोंडावर हात धरून हसली आणि मग गंभीर झाली. “तू मूग गिळून बस. तुझं काय जातंय? तू तर जन्मभर तुकडेच वाचलेस. बिघडलं तुझं काही?”

मावशी सांगते, की त्या प्रश्नानेच तिचं डोकं फिरलं. तोवर ती गप्प बसणार होती. खरंच बसणार होती. घरी आजीची बोटं होती, माझी आई शाळेत जात होती. हातातली जागा गेली तर आईचीही शाळा सुटणार हे तिला माहीत होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर तिसरीतलं एक पोर आलं, आणि ती उठून उभी राहिली.

“तिसऱ्या फर्म्यात चूक आहे,” ती फोरमनला म्हणाली. “पानं बदललीयत.”

फोरमनने ताव उचलला. आकडे बघितले. “बरोबर आहेत की.”

“आकडे बरोबर आहेत. मजकूर चुकलाय.”

फोरमन मूर्ख नव्हता. त्याने ताव खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “तुला तर वाचता येत नाही. मग मजकूर तुला कसा दिसला? नीट विचार करून बोल. वाचता येत नसेल, तर चूकबीक काही नाही. खाली बस आणि घड्या घाल. वाचता येत असेल, तर चप्पल घाल आणि नीघ.”

असा सापळा. एका बाजूला पोट, दुसऱ्या बाजूला तिसरीतल्या मुलांची एक गोष्ट. कुणी मरणार नव्हतं. पुस्तक असंच गेलं असतं तरी जग बुडालं नसतं. म्हणून तर मला तिचा अभिमान वाटतो. जग बुडत असताना कुणीही उभं राहील.

“मला वाचता येतं,” मावशी म्हणाली.

आणि तिने ताव उचलून मोठ्याने वाचला. दोर धरणारा माणूस उन्हात तीन दिवस वाळवून त्याच्या वड्या पाडल्या, तेव्हा अख्खं टेबल हसत सुटलं. बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. फोरमनच्याही मिशीला जरा हिसका बसला, पण त्याने तो आवरला.

“हसा. ती पोरंही हसतील,” तो म्हणाला. “मुलांना काय कळतंय? चित्रं बघतात, पानं उलटतात. एका पानासाठी मी काम मागे पाठवणार नाही. आणि तू नीघ.”

“नाही हसणार ती,” मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “मी तुकडे वाचले, कारण मला माहीत होतं की हा तुकडा आहे. त्या पोराच्या हातात अख्खं पुस्तक आहे, शाळेने दिलेलं. पुस्तक चुकलंय असं त्याच्या मनातही येणार नाही. त्याला वाटेल, मीच चुकतोय. ते पुन्हा पहिल्यापासून वाचेल, पुन्हा तिथेच अडेल. मग म्हणेल, मला वाचता येत नाही. आणि हे म्हणताना कसं वाटतं, ते मला विचारा. तुमच्यासमोर मी ते म्हटलंय.”

फोरमनने दाराकडे बोट दाखवलं. मावशीने पायाने चप्पल चाचपली.

तेव्हा कोपऱ्यातून शिलाईवाल्या म्हातारीचा आवाज आला. “बेचाळिसाव्या पानावर तर साबणात मुलगी पडलीय.”

फोरमन वळला. “तुला कसं कळलं?”

“जसं हिला कळलं. सकाळपासून हसू दाबून बसलेय. टाके वाकडे पडायला लागले माझे.” आणि तिने हातातला फर्मा डोळ्यांशी नेऊन घडाघडा वाचून दाखवला. तिच्यानंतर कटिंगच्या मशीनवरची बाई बोलली. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाची एक. तिला धड वाचता येत नव्हतं. ती अक्षराला अक्षर जोडत ‘वा, ळ, वा, वा’ असं करत एकच ओळ कशीबशी पार करून घामाघूम होऊन खाली बसली. मावशीच्या मते त्या दिवशीचं सगळ्यांत शूर वाचन तिचं होतं. चार जणी निघाल्या. चौघींनीही गुंडीकडे बघून जागा मिळवली होती, आणि इतक्या वर्षांत एकमेकींनाही कळू दिलं नव्हतं.

मावशीने म्हातारीला विचारलं, “तुम्हाला वाचता येत होतं, मग माझ्या गोष्टी रोज कशाला ऐकायचात?”

“तू सांगायचीस बरी,” म्हातारी म्हणाली.

फोरमन घरी तरी कुणाकुणाला पाठवणार? चौघींना काढलं तर ते काम शाळा उघडली तरी पुरं झालं नसतं. त्याने मालकाला बोलावलं. मालकाने दोन पानं वाचली, कपाळाला हात लावला आणि ताव छापखान्यात परत पाठवले. कुणी पकडलं, हेही त्याने विचारलं. फोरमनने उत्तर दिलं नाही. मावशीने दिलं.

तिची जागा राहिली. शाबासकी मिळाली नाही. फोरमन तिच्याशी पुढे वर्षभर बोलला नाही, पण कागद धरायची ती परीक्षा त्याने पुन्हा कुणाची घेतली नाही.

दिवेलागणीला मावशी घरी आली, तेव्हा आजी दारातच उभी होती. कुणीतरी आधीच येऊन अर्धवट सांगून गेलं होतं. आजीचा चेहरा पांढराफटक.

“जागा गेली?”

“नाही.”

“मग काय झालं? काय बोललीस तू त्याला?”

“मला वाचता येतं, असं म्हणाले.”

“त्याच्या तोंडावर?”

“सगळ्यांसमोर.”

आता आजी रागावणार, असं मावशीला वाटलं. आजीने तिला आत घेतलं. सवयीने दाराकडे हात नेला, आणि मग दार सताड उघडंच ठेवलं.

“मोठ्याने म्हणालीस?” तिने विचारलं.

“हो.”

“तसंच म्हण परत,” आजी म्हणाली. “मला ऐकायचंय.”